शेंकडा पांचची हमी

लोकोपयोगी मोठें काम सरकारनें करावें कीं खासगी कंपनीनें, या जुन्या वादावर सार्वजनिक-खासगी भागीदारी हा तोडगा अलीकडे पुष्कळांस पसंत पडला आहे. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु भागीदारी म्हटली म्हणजे नफ्याची वांटणी जशी ठरवावी लागते, तसाच खर्चाचा अंदाज चुकल्यास भुर्दंड कोणी सोसावयाचा, हेंहि आधींच ठरवावें लागतें. हा दुसरा प्रश्न आपल्या मुंबईंत एकदां कसा सोडविला गेला, हें जी. आय. पी. रेल्वेच्या करारांत पाहावयास मिळतें.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी गेली. चौदा डबे, तीन इंजिनें, सुमारें चारशें पाहुणे, तोफांची सलामी, हें सारें वर्णन शाळेंतील मुलांसहि पाठ असतें. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई यांचीं नांवें त्या प्रसंगीं आपण अभिमानानें घेतों, आणि तें योग्यच आहे. मात्र त्या एकवीस मैलांच्या रुळांखालीं जो कागद होता त्याची आठवण क्वचितच कोणास होते. तो कागद म्हणजे रेल्वे कंपनी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यामध्यें १७ ऑगस्ट १८४९ रोजीं झालेला करार.

ज्या अडचणींतून हा करार निघाला ती खरी होती, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. या लोहमार्गाचा मूळ प्रवर्तक जॉन चॅपमन याची दृष्टि वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर होती. बैलांच्या पाठीवरून घांट उतरणारा तो माल आगगाडीनें बंदरावर आणावा, अशी त्याची योजना. पण १८४७ च्या सुमारास इंग्लंडांत रेल्वेच्या भागांचा सट्टा कोसळला होता. न पाहिलेल्या देशांतील न बांधलेल्या मार्गासाठीं लंडनचा सावकार पैसा कशाला देईल? त्यानें हमी मागितली आणि ती त्यास मिळाली.

आरंभीं भांडवल पांच लक्ष पौंड, आणि मार्ग प्रयोगादाखल कल्याणपर्यंतचा, म्हणजे सुमारें पस्तीस मैल. जमीन सरकारनें नव्याण्णव वर्षांच्या मुदतीनें फुकट द्यावयाची. कंपनीनें भरलेल्या भांडवलावर शेंकडा पांच व्याज तिजोरींतून मिळावयाचें, मग गाडीस उतारू मिळोत वा न मिळोत. नफा पांचांहून अधिक झाला तर त्याच्या अर्ध्यांतून सरकारनें पूर्वी दिलेलें व्याज फेडावयाचें, आणि उरलेला अर्धा भागीदारांचा. पंचविसाव्या किंवा पन्नासाव्या वर्षीं सरकारला मार्ग विकत घेतां येईल, पण भागांच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी बाजारभावानें. उलट कंपनीस मात्र सहा महिन्यांची सूचना देऊन केव्हांहि मार्ग सरकारच्या गळ्यांत घालण्याची आणि लावलेलें सगळें भांडवल परत घेण्याची मोकळीक होती. एका भागीदारानें बाहेर पडण्याचे सगळे दरवाजे उघडे ठेवले आणि दुसऱ्यानें घराचें भाडें भरीत राहावें, अशांतला हा प्रकार!

सरकारनें देखरेख ठेवली नव्हती असें नाहीं. प्रत्येक आराखडा सरकारी इंजिनियरच्या मंजुरीनें चाले. पण देखरेख करणें वेगळें आणि काटकसरीची गरज वाटणें वेगळें. लॉर्ड डलहौसीच्या काळीं मैलास आठ हजार पौंड खर्च धरला होता. १८६८ च्या सुमारास हिंदुस्थानांतील हमीच्या मार्गांस मैलामागें सरासरी अठरा हजारांच्या आसपास पडले. १८७२ मध्यें पार्लमेंटच्या समितीपुढें साक्ष देतांना माजी अर्थमंत्री मॅसी यांनीं स्पष्टच सांगितलें कीं, पांच टक्के पदरांत पडत असतां आपला पैसा विटांमध्यें गेला कीं हुगळीच्या पाण्यांत, याची भागीदारास फिकीर नव्हती. ही साक्ष ईस्ट इंडियन रेल्वेविषयींची असली तरी करार सर्वांचा एकाच साच्याचा होता.

तथापि सगळा दोष उधळेपणाचा नव्हे. बोरघांटाकडे पाहिलें म्हणजे हें पटतें. सुमारें सोळा मैलांत अठराशें फूट चढ, पंचवीस बोगदे, आणि पाऊस सुरू झाला कीं काम बंद. १८५६ त आरंभलेलें हें काम १८६३ त पुरें झालें. पहिल्या मक्तेदारानें तें अर्ध्यावर सोडलें. दुसरा सॉलोमन ट्रेडवेल १८५९ त हिंदुस्थानांत येतांच वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें अनुभवी इंजिनियर नेमून मक्ता तडीस नेला. एका वेळीं चाळीस हजारांवर मजूर डोंगरांत राबत होते. पटकीनें त्यांतले किती मेले त्यांच्या नांवांची यादी कोणीं ठेविली नाहीं, आणि त्यांच्या जिवास शेंकडा कितीचीहि हमी नव्हती. इतकें करूनहि १८६७ त घांटांतील एक मोठा पूल कोसळला. असें काम कागदावर आधीं अचूक मोजतां येत नाहीं. म्हणूनच चुकीचा भार दोघांनीं वांटून घेणें जरूर होतें.

पुढें १८७० त करार बदलला. दिलेल्या व्याजाची थकबाकी सरकारनें सोडून दिली, आणि पंचविसाव्या वर्षीं मार्ग घेण्याचा हक्कहि सोडला. त्याच्या मोबदल्यांत यापुढील जादा नफ्याचा निम्मा वांटा मिळाला. त्यांतहि हिशेब सहामाही असल्यामुळें, चांगल्या सहामाहींत कंपनीनें नफा उचलावा आणि वाईट सहामाहींत सरकारनें तूट भरावी! व्याज पौंडांत द्यावयाचें असल्यामुळें १८७३ नंतर रुपया घसरूं लागला तसा तिजोरीवरचा भारहि वाढला. हमीचा हा उदारपणा देशी कारखान्यांच्या वांट्यास कां येऊं नये, हा प्रश्न न्यायमूर्ति रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्या पिढीनें पुण्यांत उपस्थित केला. तो विचारण्याचा त्यांस पूर्ण अधिकार होता, कारण ही हमी रयतेच्या साऱ्यांतून भरली जात होती.

अखेर १९०० सालीं सरकारनें जी. आय. पी. विकत घेतली. हमीमुळेंच भागांचे भाव चढलेले होते, आणि त्याच चढलेल्या भावानें किंमत मोजावी लागली. ती एकदम न देतां सुमारें अठ्ठेचाळीस वर्षांच्या हप्त्यांनीं द्यावयाची ठरली, म्हणजे मूळ करारांतील नव्याण्णव वर्षें पुरीं होईपर्यंत. मार्ग सरकारचा झाला तरी चालविण्याचें काम १९२५ पर्यंत त्याच कंपनीकडे राहिलें.