नोकरी सुटली, विम्याचं काय?

आयटीवाल्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. राजीनामा दिला की आईवडिलांच्या मेडिक्लेमचं काय? लास्ट वर्किंग डे संपला की कंपनीची ग्रुप पॉलिसीही बहुतेक वेळा त्याच दिवशी संपते. आपल्याला वाटतं हे दुखणं आपलंच, नवं. पण आमच्या येरमाळ्याकडून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांनी ते कधीच भोगून झालंय.

थोडं मागे जाऊ. 1943 मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकरांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितलं, 1944 ला त्यांचा अहवाल आला आणि 1948 ला राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. प्रत्यक्ष सुरुवात 24 फेब्रुवारी 1952, कानपूर आणि दिल्ली. मुंबईत योजना यायला 1954 उजाडलं.

मला प्रोग्रॅमर म्हणून आवडतो तो यातला हिशोब. पुढे ठरलेल्या रीतीप्रमाणे, एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी भरली की तिचं संरक्षण पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळायचं (निदान 78 दिवसांची वर्गणी हवी). ऑक्टोबर ते मार्चचं फळ जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे बघा, वर्षभर काम करून कुणी 30 सप्टेंबरला घरी बसला, तरी त्याचा दवाखाना पुढच्या 30 जूनपर्यंत चालू! नोकरीने लॉग-आऊट केलं तरी विमा नऊ महिने लॉग-इन. डिझाइन म्हणून झकासच.

पण हे सगळं उभं कशावर? पगारावर. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार नाही तर वर्गणी नाही, वर्गणी नाही तर दिवस भरत नाहीत. शिवाय कलम 63 होतंच: संपाच्या दिवसाचा आजारपणाचा भत्ता, काही अपवाद सोडले तर, मिळणार नाही. संप लांबत गेला आणि नऊ महिन्यांची ती शिदोरीही संपली. निवृत्त होणाऱ्याला महिना दहा रुपयांत नवराबायकोचे औषधोपचार चालू ठेवायची सोय पुढे नियमांत आली, पण तीही पाच वर्षं विमेदार राहून रीतसर निवृत्त झालेल्याला. संपात नोकरी गेलेला रीतसर निवृत्त कुठून होणार?

आणि गावी परतून तरी काय? कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते, त्यांची यादी वाचून मला हसावं की रडावं कळेना. कापसाचं जिनिंग, शेंगा फोडणं, गूळ, साखर! आमच्या भागातला सगळा रोजगार एकाच वाक्यात बाहेर. शेतमजुराचं तर नावच नको.

कारखाना बंद पडून काम गेलेल्याला बेकारी भत्ता आणि त्या काळात उपचार देणारी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 1 एप्रिल 2005 ला आली. संपानंतर 23 वर्षांनी! (21 नोव्हेंबर 2025 पासून तो जुना कायदाच सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, तो वेगळा विषय.)

आपल्या बाजूला, ऑक्टोबर 2011 पासून पोर्टेबिलिटी आली. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि जुन्या आजारांसाठी काढलेली प्रतीक्षा वाया जात नाही. प्रीमियम मात्र आपल्या खिशातून, आणि अर्ज शेवटच्या दिवसाआधीच केलेला बरा. एचआर हे आपणहून सांगेल याची वाट बघू नका.

येरमाळ्याचं म्हणाल तर, कुठे कामाला आहेस हे न विचारता रेशनकार्ड बघणारी राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सोलापूर होतं, म्हणजे शेजारची बार्शी आत. उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, 21 नोव्हेंबर 2013 पर्यंत थांबावं लागलं.