आणीबाणी हा शब्द

जुनी स्कूटर वापरलेल्या माणसाला इंधन संपण्याची फारशी धास्ती नसते. गाडी गचके द्यायला लागली की खाली वाकून कॉक 'रिझर्व्ह'वर फिरवायचा. तेही संपलं तर स्कूटर आडवी करायची, तळाचे चार थेंब पुढे सरकतात आणि गाडी पंपापर्यंत जाते. नाहीच गेली तर ढकलायची. विमानाला यातलं काहीच करता येत नाही. म्हणून विमानातलं इंधन कमी पडतंय अशी शंका आली, की ती वेळेवर आणि नीट शब्दांत सांगण्याला फार मोल असतं.

मी कवी माणूस. यंत्रातलं मला कळत नाही. पण विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचताना एक गोष्ट मनात रुतून बसली. इंधन संपून विमानं पडली, त्यातल्या काही वेळा इंधन संपतंय हे कॉकपिटमध्ये कुणाला तरी ठाऊक होतं. त्याने ते बोलूनही दाखवलं होतं. मग अडलं कुठे? ते बोलण्यातच अडलं.

पहिली हकिगत अमेरिकेतली, 28 डिसेंबर 1978 ची. युनायटेड एअरलाइन्सचं 173 क्रमांकाचं विमान डेन्व्हरहून पोर्टलंडला आलं. आत 189 माणसं. उतरण्यासाठी चाकं खाली सोडली तेव्हा दणका बसला आणि चाकं नीट अडकल्याचा हिरवा दिवा लागला नाही. कॅप्टन अनुभवी आणि जबाबदार. चाकं दगा देतील, तेव्हा प्रवाशांची तयारी करूनच उतरावं असं त्यांनी ठरवलं. विमान शहराच्या दक्षिणेला पाच हजार फुटांवर घिरट्या घालू लागलं. हवाईसुंदऱ्या प्रवाशांना डोकं कसं खाली घ्यायचं ते शिकवू लागल्या. असा जवळजवळ एक तास गेला.

त्या काळी कॉकपिटमध्ये तिसरा माणूस असे, फ्लाइट इंजिनिअर. इंधनाचे काटे त्याच्यासमोर. टाक्यांत पाच हजार पौंड इंधन उरल्याचं त्याने सांगितलं. त्यानंतर कॅप्टन आणखी पंधरा मिनिटांचा हिशेब मांडू लागले, तेव्हा पंधरा मिनिटं म्हणजे इंधन फारच कमी होईल, असंही तो म्हणाला. म्हणाला, पण तेवढंच. आता उतरायलाच हवं, असं तो म्हणाला नाही. कॅप्टनच्या डोक्यात चाकं होती, त्यांच्या कानावरून ते वाक्य निघून गेलं. पुढे एक इंजिन बंद पडायला लागलं तेव्हा त्यांनी विचारलं, का? उत्तर एका शब्दाचं होतं : इंधन.

एकामागून एक चारही इंजिनं थांबली. विमान धावपट्टीपासून सुमारे सहा सागरी मैलांवर शहराच्या कडेच्या झाडीत कोसळलं. टाक्या रिकाम्या होत्या म्हणून आग लागली नाही, आणि म्हणूनच बहुतेक सगळे वाचले. दहा जण गेले. इंधनाबद्दल बोललेला तो फ्लाइट इंजिनिअर त्या दहांत होता.

चौकशी मंडळाने कॅप्टनना दोष दिला. पण त्यापुढे एक गोष्ट नोंदवली, ती माझ्या मते विमान वाहतुकीच्या इतिहासात फार मोलाची आहे. उरलेल्या दोघांना एकतर परिस्थितीचं गांभीर्य पुरतं उमगलं नाही, किंवा आपली काळजी कॅप्टनपर्यंत पोहोचवता आली नाही, असं मंडळाने म्हटलं. म्हणजे नुसतं बोलणं पुरेसं नसतं. ऐकणाऱ्यापर्यंत ते पोहोचावं लागतं.

लगेच पुढच्या वर्षी, 1979 मध्ये, 'नासा'ने याच प्रश्नावर एक परिषद भरवली आणि 1981 मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी नवं शिक्षण सुरू केलं. कॅप्टनने हाताखालच्यांचं ऐकायला शिकायचं आणि हाताखालच्यांनी स्पष्ट बोलायला. आज जगभरच्या वैमानिकांना हे शिक्षण घ्यावं लागतं. ज्याला आपण अदब म्हणतो, ती कॉकपिटमध्ये किती ठेवायची आणि केव्हा बाजूला सारायची, याचा हा अभ्यासक्रमच म्हणा ना.

दुसरी हकिगत ऐकून मात्र मी जास्त अस्वस्थ झालो, कारण तिच्यात दोन भाषा आहेत.

25 जानेवारी 1990. कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचं 52 क्रमांकाचं बोइंग 707 मेडेलिनहून न्यूयॉर्ककडे निघालं होतं. आत 158 माणसं. न्यूयॉर्कला हवा खराब, विमानांची रांग लागलेली. या विमानाला वाटेत तीन ठिकाणी घिरट्या घालायला लावलं गेलं. पहिल्यांदा 19 मिनिटं, मग 29, मग पुन्हा 29. एकूण एक तास सतरा मिनिटं.

कॅप्टनचं इंग्रजी बेताचं होतं, म्हणून नियंत्रकांशी को-पायलट बोलत होता. कॉकपिटमधलं बोलणं स्पॅनिशमध्ये, जमिनीशी बोलणं इंग्रजीत. तिसऱ्या घिरट्यांच्या वेळी को-पायलटने कळवलं की आम्हाला 'प्रायॉरिटी' हवी. पर्यायी विमानतळ बोस्टनचा होता, तिथपर्यंत आता इंधन पुरणार नाही, हेही त्याने सांगितलं. पण विमान एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे सोपवलं जाताना बोस्टनची गोष्ट मधेच गळून गेली. पुढच्या माणसाला हे विमान रांगेतल्या इतर विमानांसारखंच वाटलं.

वाऱ्याच्या उलटसुलट झोतांत उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. विमान पुन्हा वर उठलं. तेव्हा कॅप्टनने को-पायलटला स्पॅनिशमध्ये सांगितलं, त्यांना सांग, आपली आणीबाणी आहे. को-पायलटने नियंत्रकाला इंग्रजीत सांगितलं, की आम्ही पुन्हा प्रयत्न करतो, आमचं इंधन संपत आलंय. कॅप्टनने पुन्हा विचारलं, सांगितलंस का? को-पायलट म्हणाला, हो, सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने सांगितलं होतं.

पण 'इमर्जन्सी' हा शब्द त्याच्या तोंडून शेवटपर्यंत निघाला नाही. इंधन संपत आलंय, हे गर्दीच्या संध्याकाळी न्यूयॉर्कचे नियंत्रक अनेकांकडून ऐकत असतील. त्यांच्या नियमांत सगळी कामं बाजूला सारून धावपट्टी मोकळी करण्याची ताकद होती ती एका शब्दात, आणि तो उच्चारला गेला नाही. आणखी लांबचा वळसा घ्यावा लागेल, इंधनाच्या दृष्टीने चालेल ना, असं नियंत्रकाने विचारलं, तेव्हा को-पायलट म्हणाला, चालेल असं वाटतं, आणि वर आभार मानले. काही मिनिटांनी इंजिनं थांबली. विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक गावातल्या एका टेकाडावर पडलं. 73 माणसं गेली, 85 वाचली.

चौकशीत त्याच कंपनीच्या एका कॅप्टनने साक्ष दिली. 'प्रायॉरिटी' आणि 'इमर्जन्सी' या दोन्हींचा अर्थ नियंत्रकाच्या लेखी एकच, असा समज प्रशिक्षणातून काही वैमानिकांचा झाला असावा, असं त्यात आलं. म्हणजे त्या को-पायलटने आपल्याकडचा सर्वांत जड शब्द वापरला होता. समोरच्याच्या तराजूत तो हलका भरला.

माझ्या घरात दखनी बोलतात, मी लिहितो मराठीत. एका भाषेतली कळ दुसरीत नेताना वाटेत काय सांडतं, हे मला रोजच्या रोज दिसतं. कवितेत एखादा शब्द सौम्य झाला तर ओळ पडते, फार तर कविता पडते. त्या रात्री कॅप्टनच्या तोंडचा 'आणीबाणी' हा शब्द स्पॅनिशमधून इंग्रजीत गेला तो सौम्य होऊन. मध्ये एकच माणूस होता, तो थकलेला होता, आणि परक्या भाषेत मोठ्या शहराच्या अधिकाऱ्याशी अदबीने बोलत होता.

या दोन हकिगतींनंतर एक तिसरी पाहा. 24 ऑगस्ट 2001. एअर ट्रान्सॅटचं विमान टोरांटोहून लिस्बनला निघालं होतं, आत 306 माणसं. अटलांटिकवर असताना इंधनाच्या टाक्यांचं गणित जुळेना. प्रत्यक्षात उजव्या इंजिनाजवळची नळी फुटून गळती लागली होती. वैमानिकांना आधी संगणकाचीच चूक वाटली. दोन्ही बाजू सारख्या करण्यासाठी त्यांनी एका बाजूचं इंधन दुसरीकडे सोडलं आणि तेही गळून गेलं. हे चुकलंच. पण एक गोष्ट त्यांनी लवकर केली. शंका पक्की होण्याची वाट न पाहता त्यांनी विमान अझोर्स बेटांकडे वळवलं आणि तीन मिनिटांत इंधनाची आणीबाणी जाहीर केली. पहिलं इंजिन बंद पडलं ते त्यानंतर जवळजवळ पंचवीस मिनिटांनी. दुसरंही थांबल्यावर विमान एकोणीस मिनिटं नुसतं तरंगत आलं आणि लाजेसच्या धावपट्टीवर टेकलं. काही जण जखमी झाले, पण 306 पैकी सगळे वाचले.

शब्दांचा हा घोळ निस्तरायला जगाला बराच वेळ लागला. आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना ठराविक पातळीचं इंग्रजी यावं, हा नियम 2008 पासून आला. 2012 मध्ये इंधनासाठीचे शब्दही पक्के झाले. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आता याच विमानतळावर उतरणं भाग आहे, आणखी उशीर परवडणारा नाही. आणि राखीव इंधनाला हात लागणार असं दिसलं, तर तीनदा 'मेडे' म्हणायचं आणि पुढे 'फ्युएल'. हा 'मेडे' मुळात फ्रेंच, 'मला मदत करा' यावरून घेतलेला. संकटात माणसाने म्हणायचं साधं वाक्य. आता त्यात कुणाला शंका राहू नये.

मला यात एक गोष्ट फार आवडते. हा शब्द कुणी उच्चारायचा, याला अधिकाराची अट नाही. कॅप्टनने म्हणावा, को-पायलटने म्हणावा, जमिनीवरच्याने तो ऐकायचा. आपल्या घरांत, कचेऱ्यांत, दवाखान्यांत अशी कितीतरी माणसं असतात, ज्यांच्यासमोर काटा खाली आलेला दिसत असतो. ती म्हणतात, साहेब, जरा बघता का. आपण म्हणतो, बघू. त्यांच्या त्या 'जरा'मध्ये किती वजन आहे, हे विचारून घेण्याचं काम वरच्या खुर्चीत बसलेल्याचं आहे.