फरामोशखान्याचे दार

हैदराबादला गोशामहलची बारादरी आहे. कुतुबशाहीच्या अखेरच्या काळातली ही वास्तू १८७२ मध्ये फ्रीमेसन मंडळींकडे आली. लहानपणी आजीबरोबर त्या बाजूने जाण्याची वेळ आली की तिच्या हाताची पकड घट्ट होई. "तिकडे बघू नकोस, जादूघर आहे ते," ती म्हणे. आमच्याकडे येणारे एक वृद्ध वकील, उर्दूत शिकलेले, ते मात्र त्या घराला 'फरामोशखाना' म्हणत. आत पाहिलेले बाहेर आल्यावर विसरायचे, असे घर. मला प्रश्न पडे तो वेगळाच : त्या घरात जाऊ कोण शकतो?

फ्रीमेसन म्हणजे मूळचे गवंडी. मध्ययुगात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये दगडी चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या कारागिरांच्या संघांना लॉज म्हणत. पुढे ज्यांनी कधी थापी हातात धरली नाही असे सरदार, डॉक्टर, व्यापारीही त्यांत शिरू लागले. परंपरेप्रमाणे २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉजनी एकत्र येऊन पहिले ग्रँड लॉज स्थापले. हत्यारे तीच राहिली, त्यांचा अर्थ बदलला. गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे सरळ चाल, कंपास म्हणजे वासनांना घातलेली मर्यादा. पायऱ्या तीन : शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. गुपित म्हणतात ते मुख्यतः एकमेकांना ओळखण्याच्या खुणांचे. बाकी सारे भेटणे, जेवणे, दानधर्म आणि अडल्या बंधूला मदत.

प्रवेशाचे नियम कागदावर साधे आहेत. अर्जदार सज्ञान पुरुष असावा, चालचलणूक चांगली असावी, त्याने स्वतःहून यावे आणि परमेश्वराचे अस्तित्व मानावे. कोणता परमेश्वर, हे कोणी विचारत नाही. दोन बंधू शिफारस करतात, मग गुप्त मतदान होते. पांढरी गोळी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही, हाही नियमच.

पण नियम आणि दार यांच्यात उंबरठा असतो. १७२३ च्या अँडरसनच्या घटनेतच गुलाम आणि स्त्रिया यांना मज्जाव होता. जन्माने स्वतंत्र असण्याची अट इंग्लंडमध्ये १८४७ साली सैल झाली, 'आज स्वतंत्र' एवढे पुरेसे ठरले. हिंदुस्थानात कलकत्त्याला १७३० मध्ये आणि मुंबईला १७५८ मध्ये लॉज निघाले, तरी जवळजवळ शतकभर अर्काटच्या नवाबाचा मुलगा उमदतुल उमरा याच्यासारखे मोजके अपवाद सोडले तर आत गोरेच होते.

मुंबईचे माणेकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ. एकाच ईश्वराला मानणारे, इंग्रजी जाणणारे, सचोटीचे. तरीही मुंबईत त्यांना दार उघडले नाही. शेवटी ते पॅरिसच्या लॉजमध्ये बंधू झाले. त्यानंतर डॉ. जेम्स बर्न्स यांनी डिसेंबर १८४३ मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज खास हिंदी लोकांसाठी काढले. पारशी आणि मुसलमान आत आले. हिंदूंचे मात्र अडले. अनेक देव मानणारा माणूस कोणत्या देवाची शपथ घेणार, आणि पंक्तीला न बसणारा बंधू कसला, असे आक्षेप होते. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांना १८६३ पासून १८७२ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षे, झगडावे लागले. पण एकदा दार उघडल्यावर चित्र पालटले. १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये रुडयार्ड किपलिंग दाखल झाला. वयाची एकवीस वर्षे पूर्ण नसल्याने त्याला खास परवानगी लागली. त्याच्याच आठवणीप्रमाणे पहिल्या पायरीवर त्याला एका हिंदूने घेतले, दुसरीवर मुसलमानाने आणि तिसरीवर इंग्रजाने.

याच सुमारास आपल्याच माणसांनीही एक गुप्त बंधुसंघ काढला होता, हे आपण विसरतो. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे एक धुरीण. जातिभेद पाळणार नाही अशी प्रतिज्ञा करायची, ख्रिस्त्याने भाजलेला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, ही त्यांची दीक्षा. मेसनांचे गुपित खुणांचे, ते फुटले तरी कोणी वाळीत पडत नव्हते. परमहंसांचे गुपित सभासदांच्या नावांचे होते. १८६० मध्ये ती नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. १८६७ च्या प्रार्थना समाजात त्यांतलेच काही उघडपणे पुढे आले.

स्त्रियांपुढचे दार मात्र मुख्य प्रवाहातल्या लॉजनी उघडले नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेले भारताचे ग्रँड लॉजही पुरुषांचेच आहे. स्त्री-पुरुषांचा स्वतंत्र संघ पॅरिसमध्ये १८९३ साली निघाला आणि १९०२ मध्ये ॲनी बेझंट त्यात दाखल झाल्या. म्हणजे आजी ज्या घराला भीत होती, तिथे तिला कोणी बोलावलेच नसते.

हे सारे दुसऱ्यांविषयी लिहिणे सोपे आहे. काही वर्षांपूर्वी एका मराठी मंडळाच्या सभेत मी हजर होतो. एका सभासदाच्या तेलुगू जावयाने अर्ज केला होता. घरात मराठी बोलतो, गणपतीत आरत्या म्हणतो, वर्गणी वेळेवर देतो. तरी 'मातृभाषा' या रकान्यापाशी दोन सभा अडल्या. काळी गोळी कोणी टाकली नाही, कारण आमच्याकडे गोळ्याच नाहीत. आम्ही नुसते गप्प बसलो. मीही बसलो. जावयाने अर्ज परत नेला.

आता बारादरीवरून जाताना जादूघराची भीती वाटत नाही. तो रकाना तेवढा आठवतो.