सर्वसामान्य शाळेतील विशेष गरजा असलेली मुले : प्रवेशानंतर काय?

दरवर्षी जूनमध्ये ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील शाळांचे वर्ग भरतात, तेव्हा त्या वर्गांत काही मुले अशी असतात की ज्यांना शिकण्यासाठी इतरांपेक्षा थोडा वेगळा आधार लागतो. एखाद्या मुलाला ऐकू कमी येते, एखाद्या मुलीला फळ्यावरचे दिसत नाही. एखादे मूल तोंडी उत्तरे चटकन देते, मात्र तीच उत्तरे वहीत उतरवू शकत नाही. या परिसरात एकाच इमारतीत सकाळ-दुपार अशी दोन सत्रे चालविणाऱ्या शाळा आहेत. पन्नास-साठ मुलांचे वर्गही अपरिचित नाहीत. अशा वर्गात गोंगाट न करणारे, मागे पडत जाणारे मूल सहज नजरेआड होते.

या मुलांना सर्वसामान्य शाळेत प्रवेश मिळावा हा प्रश्न कायद्याने बऱ्याच अंशी सोडविला आहे. प्रवेशानंतर वर्गात काय घडते, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे पालक आणि शाळा बहुधा नववी-दहावीत जाग्या होतात आणि प्रमाणपत्रासाठी धावपळ सुरू होते. प्रमाणपत्राने परीक्षेत सवलत मिळते; परंतु दुसरी-तिसरीत न मिळालेला आधार त्यातून भरून निघत नाही.

कायदा काय सांगतो?

१९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे भरलेल्या जागतिक परिषदेने सर्व मुलांना शक्यतो एकाच शाळेत सामावून घेण्याचे तत्त्व मांडले. भारतात १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा झाला. त्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने घेतली. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार त्यात मान्य केले असून स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही त्यांत समावेश आहे.

या कायद्याचे कलम १६ प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावे असे आहे. शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत वापरण्याजोगी करावी, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय योजावेत, असे त्यात अपेक्षित आहे. कलम ३१ प्रमाणे लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांविषयी एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. तो मुद्दा २०२५ मध्ये मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठविण्याचा आदेश झाला. परंतु २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा हा स्वतंत्र कायदा आहे. त्याची भाषा शासनमान्य असलेल्या सर्व शैक्षणिक संस्थांविषयी आहे. म्हणून शिक्षण हक्क कायदा लागू नाही, एवढ्यावरून ही जबाबदारी संपत नाही.

वेळेवर ओळख

दृष्टी, श्रवण किंवा हालचालीतील अडचण बहुधा लवकर लक्षात येते. अध्ययन अक्षमता मात्र दिसत नाही. मूल हुशार असते, बोलके असते; त्यामुळे त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. मराठी माध्यमाच्या मुलांमध्ये तिची काही चिन्हे पुढीलप्रमाणे आढळतात.

घ आणि ध, भ आणि म अशा जवळच्या अक्षरांची अदलाबदल दीर्घकाळ टिकते. जोडाक्षर आणि रफार यांत गोंधळ होतो. 'कर्म' आणि 'क्रम' यांतील फरक मुलाला पानावर दिसत नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सर्वच मुले करतात. परंतु एकाच पानावर एकच शब्द तीन प्रकारे लिहिलेला आढळला, तर थांबून पाहावे. मराठी संख्यानामेही कठीण असतात. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, म्हणून मूल ५२ लिहिते. 'एकोणतीस' या शब्दात तीस ऐकू येते, पण लिहायचे असतात २९. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणित पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी पर्यायी वाचनपद्धत दिली तेव्हा मोठा वाद झाला. त्या पद्धतीविषयी मत काहीही असो, अडचण खरी आहे.

यांपैकी एखादे चिन्ह म्हणजे निदान नव्हे. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. शिकविण्याची भाषा घरच्या भाषेहून वेगळी आहे का, शाळा वारंवार बुडते का, हेही पाहावे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत शाळेने तिसरी इयत्ता किंवा वयाची आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा प्राथमिक चाचपणी करावी, असे म्हटले आहे. मराठी मुलांची पारख इंग्रजी चाचण्यांनी करणे अन्यायाचे ठरते. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली तयार केलेल्या 'डाली' या चाचणीसंचात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीचाही समावेश आहे.

आपल्या परिसरातील वाटा

महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापना झाली. त्या काळापासून कल्याण-डोंबिवलीच्या कितीतरी माता मुलाला घेऊन धिम्या गाडीने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात गेल्या आहेत. बालरोगतज्ज्ञांची तपासणी, बुद्धिमापन आणि शैक्षणिक चाचणी असे टप्पे असल्याने एका फेरीत काम होत नाही. नोकरी करणाऱ्या पालकांना प्रत्येक फेरीसाठी रजा काढावी लागते. म्हणून ही प्रक्रिया दहावीच्या वर्षावर ढकलू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथून झाला. अंगणवाड्या, शासकीय आणि अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी करून त्यांना पुढील उपचारांकडे पाठविणे हे त्याचे कार्य आहे. विकासातील विलंबही त्यात तपासला जातो. आपल्या शाळेत पथक येते तेव्हा वर्गशिक्षकांनी शंका असलेल्या मुलांची नावे आधीच काढून ठेवावीत.

ज्या मुलांना सर्वसामान्य वर्ग झेपत नाही त्यांच्यासाठी विशेष शाळांचे स्थान कायम आहे. ठाणे महानगरपालिकेची 'जिद्द' ही शाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात ठाण्यात १९९० पासून इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था कार्यरत आहे. विशेष शाळा आणि सर्वसामान्य शाळा परस्परांच्या स्पर्धक नाहीत. विशेष शिक्षकांचा अनुभव शेजारच्या शाळेने आपणहून मागावा.

वर्गात काय करता येईल?

पुष्कळशा सोयींना पैसा लागत नाही.

कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे, शिक्षकांचे ओठ दिसतील अशा जागी बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. दृष्टी अधू असलेल्या मुलीसाठी फळ्यावर लिहिताना ते मोठ्याने वाचावे आणि प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत छापावी. चाक-खुर्ची वापरणारे मूल असेल, तर तो वर्ग तळमजल्यावर घेता येतो. स्वमग्न मुलास वेळापत्रकातील बदल आदल्या दिवशी सांगावा. घंटेचा किंवा गर्दीचा त्रास झाल्यास काही मिनिटे शांत बसण्याची जागा ठरवून द्यावी. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला अचानक उभे करून मोठ्याने वाचावयास लावू नये. वर्गाच्या हशातून होणारी हानी भरून निघण्यास वर्षे लागतात.

याखेरीज प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा असावा. तो एका पानाचा असला तरी पुरे. मुलाला आज काय येते, पुढील तीन महिन्यांत काय साधायचे, कोण काय करणार आणि पुन्हा केव्हा पाहायचे, एवढे त्यात असावे. शिक्षक बदलले की नव्या शिक्षकांच्या हाती ते पान पडले पाहिजे.

हे सर्व एकट्या वर्गशिक्षकावर सोपविणे योग्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि वरच्या स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सांगितले. २०२५ मध्ये राज्यांना ही पदे निश्चित करण्याचे आदेशही दिले. पालक-शिक्षक संघांनी या पदांविषयी लेखी विचारणा करीत राहिले पाहिजे.

परीक्षेतील सवलती

वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाषेतून सूट, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, नेहमीच्या गणिताऐवजी खालच्या इयत्तेचे गणित आणि कार्यानुभवाचा विषय, अशा स्वरूपाच्या सवलती मंडळांनी वेळोवेळी दिल्या आहेत. सर्व सवलती सर्वांना लागू नसतात. त्या-त्या वर्षीचे नियम शाळेकडून समजून घ्यावेत. केवळ ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नाही म्हणून लेखनिक नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गणिताचा सोपा पर्याय घेतल्यास पुढे विज्ञान आणि अभियांत्रिकीची वाट अरुंद होते, म्हणून हा निर्णय मुलाशी बोलूनच घ्यावा. तसेच लेखनिकाला उत्तर सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. आठवीपासून सराव न केलेले मूल परीक्षागृहात अनोळखी लेखनिकापुढे गप्प बसते.

पालकांसाठी

मुलाची अडचण लपविल्याने ती कमी होत नाही. 'लोक काय म्हणतील' या भीतीपोटी अहवाल कपाटात ठेवला जातो आणि शिक्षक वर्षभर मुलाला रागावत राहतात. अहवालाची प्रत शाळेला द्यावी, पोच घ्यावी आणि सर्व कागद एका फायलीत ठेवावेत. भावंडांशी तुलना टाळावी. मुलाला जे उत्तम येते, मग ते चित्रकला असो, तबला असो वा यंत्रांची जुळवाजुळव असो, त्यासाठी आठवड्यातील काही तास राखून ठेवावेत. शिकवणी वर्गांच्या गर्दीत तेच तास सर्वप्रथम कापले जातात.

वर्गातील इतर मुलांचेही यात शिक्षण होते. शेजारच्या मित्राला फळ्यावरचे वाचून दाखविणारे मूल जे शिकते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. प्रवेशपत्रावर सही झाली त्या दिवशी शाळेने मुलाला जागा दिली. ते मूल त्या वर्गाचे झाले की नाही, हे त्यानंतरच्या रोजच्या तासिकांमध्ये ठरते.