पारपटलाची मूलपेशी-चिकित्सा

पारपटलाची झीज भरून काढणाऱ्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, भाजल्यामुळे किंवा आजारामुळे नष्ट झाल्या असता निरोगी डोळ्यातल्या तशाच पेशी दुखावलेल्या डोळ्यात रुजवण्याची उपचारपद्धती. शरीरातील घन ऊतींच्या दुरुस्तीसाठी मूलपेशींचा जो वापर होतो, त्यात लवकर खात्रीच्या ठरलेल्या पद्धतींपैकी ही एक.

पारपटल हा बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर आणि व्यास ११ ते १२ मिलिमीटर असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून त्यातून उजेड अडथळ्याविना आत जातो. त्याचा सर्वांत वरचा थर पाच ते सात पेशींइतकाच जाड असतो आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण नवा होतो. जुन्या पेशी पापणीच्या उघडझापीने निघून जातात व नव्या पेशी कडेकडून मध्याकडे सरकत येतात. त्यांचा उगम पारपटल आणि डोळ्याचा पांढरा भाग जिथे मिळतात त्या अरुंद वर्तुळाकार पट्ट्यात असतो. या पट्ट्याला लिंबस म्हणतात. मूलपेशींचे हे ठिकाण १९८६ ते १९८९ या काळातील संशोधनाने निश्चित झाले.

लिंबस जळाले की हा पुरवठा थांबतो आणि पांढऱ्या भागावरची त्वचा रक्तवाहिन्यांसह पारपटलावर चढू लागते. डोळा लाल राहतो, सतत पाणी येते, उजेड सहन होत नाही आणि नजर धूसर होत जाते. डोळ्यात फूल पडले, असे लोक याला सरसकट म्हणतात. पण साध्या जखमेचे फूल आणि हा विकार यांत उपचाराच्या दृष्टीने मोठा फरक आहे. नेत्रदानातून मिळालेल्या पारपटलाची मधली चकती बसवली तर साधे फूल जाते. लिंबस गेलेल्या डोळ्यात मात्र तीच चकती काही काळाने पुन्हा गढूळ होते, कारण चकतीबरोबर मूलपेशी येत नाहीत.

आपल्याकडे या दुखापतीचे एक कारण तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी हे आहे. पुडी मुलाच्या हाती लागते, ते ती दाबते, आणि दाबाने फुटलेल्या पुडीतला चुना थेट डोळ्यात उडतो. भारतीय नेत्रतज्ज्ञांनी अशा घटनांची नोंद वारंवार केली आहे. आम्लाने पेशींतील प्रथिने साकळतात व त्या थरामुळे आम्ल आत जायला काहीसा अडसर होतो. चुन्यासारखा अल्कली पदार्थ पेशींच्या आवरणातील मेद विरघळवत खोल उतरतो; शिवाय चुन्याचे कण पापणीच्या आतल्या घडीत अडकून तासन्‌तास जाळत राहतात. म्हणून डोळा तत्काळ, भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे आणि डॉक्टरांनी पापणी उलटून कण काढणे यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. दवाखान्याच्या वाटेवर गेलेली पहिली काही मिनिटे नंतरच्या कोणत्याही शस्त्रक्रियेने परत मिळत नाहीत. कारखान्यातील रसायने, फटाके आणि औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने होणारा स्टीव्हन्स-जॉन्सन विकार ही इतर कारणे होत.

उपचाराची सुरुवात लिंबसचे मोठे तुकडे हलवण्यापासून झाली. केन्यन आणि त्सेंग या नेत्रतज्ज्ञांनी १९८९ मध्ये ही पद्धत मांडली. पण तिच्यात चांगल्या डोळ्याचा बराच भाग काढावा लागे आणि एकच डोळा उरलेल्या माणसाला ती जोखीम नकोशी वाटे. १९९७ मध्ये इटलीत पेलेग्रिनी, दे लुका आणि सहकाऱ्यांनी लहानशा तुकड्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून दोन रुग्णांच्या डोळ्यांत बसवल्या. याच संशोधनातून पुढे आलेल्या ‘होलोक्लार’ला २०१५ मध्ये युरोपीय संघाने सशर्त मान्यता दिली. मूलपेशींवर आधारलेले ते तिथले पहिले औषध होय.

भारतात हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २००१ पासून वेगळी वाट धरली. तिथे प्राणिज पेशींचा आधार टाळून गर्भाच्या पाणपिशवीच्या पातळ पडद्यावर पेशी वाढवण्यात आल्या. २०० रुग्णांच्या दहा वर्षांच्या नोंदींत ७१ टक्के डोळे सुधारल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात नवी मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसने ‘रेलिनेत्र’ या नावाने अशाच संवर्धित पेशी तयार केल्या. मात्र निर्जंतुक प्रयोगशाळा, तिचा खर्च आणि दोन आठवड्यांची वाट ही अडचण सगळीकडे सारखीच होती.

हैदराबादच्याच वीरेंदर सांगवान, सायन बसू आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ही अडचण प्रयोगशाळाच वगळून सोडवली. त्यांच्या ‘स्लेट’ पद्धतीत निरोगी डोळ्याच्या लिंबसचा सुमारे दोन मिलिमीटर लांब-रुंद तुकडा घेतात. दुखावलेल्या पारपटलावर चढलेले मांस सोलून काढतात, त्यावर पाणपिशवीचा पडदा पसरतात आणि तो फायब्रिनच्या जैविक डिंकाने चिकटवतात. मग मूळ तुकड्याचे आठ-दहा बारीक कण करून ते दृष्टीचा मध्यभाग मोकळा ठेवत वर्तुळात मांडतात आणि वरून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात. प्रत्येक कणाभोवती पेशी पसरत जातात आणि साधारण दोन आठवड्यांत पारपटल झाकले जाते. म्हणजे पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा रुग्णाचा डोळाच असतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२५ रुग्णांच्या नोंदींत यश ७६ टक्के होते.

संवर्धित पेशींची प्रयोगशाळा लहान रुग्णालयाला परवडणारी नाही. स्लेटला मात्र शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक, पडदा, डिंक आणि सरावलेला हात एवढेच लागते.

पापणी डोळ्याला चिकटलेली असली, अश्रू आटलेले असले किंवा त्याच वेळी पारपटलाची चकतीही बदलली, तर अपयशाचे प्रमाण वाढते. म्हणून डाग खोल असल्यास आधी स्लेट आणि पृष्ठभाग स्थिर झाल्यावर चकती, असा क्रम ठेवणे चांगले. दोन्ही डोळे जळालेल्यांसाठी नातेवाइकाच्या वा मृत दात्याच्या लिंबसचा उपयोग होतो. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. रुग्णाच्या गालाच्या आतल्या त्वचेच्या पेशी वापरण्याचा पर्याय जपानच्या कोजी निशिदा यांनी २००४ मध्ये पुढे आणला. त्यांच्याच ओसाका येथील गटाने २०१९ पासून प्रेरित बहुक्षम मूलपेशींपासून, म्हणजे साध्या पेशी मागे वळवून केलेल्या मूलपेशींपासून, बनवलेले थर चार रुग्णांना बसवले. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

ही चिकित्सा पारपटलाच्या वरच्या थरापुरती आहे. दृष्टिपटल किंवा दृष्टिमज्जातंतू तिने सुधारत नाही. तरीही ‘स्टेम सेल’च्या नावाखाली त्यासाठीही इंजेक्शने विकली जातात. अमेरिकेतील फ्लोरिडामध्ये पोटाच्या चरबीतील पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन महिलांची दृष्टी गेल्याची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात त्याच वर्षीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ठरावीक आजारांतील रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचे उपचार संशोधन म्हणूनच, नोंदणीकृत चाचणीत करायचे असतात आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.