जुन्या वस्तूंचा संग्रह आणि इतिहासाचा पुरावा : श्रीरंगपट्टण ते बंगळुरू

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, बंगळुरूला गेलात तर कृष्णराजेंद्र मार्केटजवळचा टिपू सुलतानाचा उन्हाळी वाडा अवश्य पाहा. हैदर अलीने सुरू केलेले हे बांधकाम टिपूच्या काळात १७९१ मध्ये पूर्ण झाले. लाकडी खांब, कमानी आणि सज्जे आजही उभे आहेत. तळमजल्यावर एक छोटेसे संग्रहालय आहे. तिथे टिपूच्या सिंहासनाचे चित्र दिसते; सिंहासन मात्र दिसत नाही. ते कुठे गेले, हा प्रश्न मनात आला की तुम्ही आजच्या विषयापाशी पोहोचलात.

दुर्मीळ आणि मौल्यवान जुन्या वस्तू जमवणे हा श्रीमंतांचा छंद म्हणून आपण ऐकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे. जुनी वस्तू हा पुरावा असतो आणि ती ज्याच्या हाती असते, त्याच्या हाती त्या पुराव्याचे भवितव्य असते. संग्राहक वस्तूबरोबर तिची हकिकतही जपतो की वस्तू ठेवून हकिकत हरवतो, हे या पाठात आपण काही प्रत्यक्ष उदाहरणांवरून पाहणार आहोत.

१. ‘जुने’ म्हणजे किती जुने?

बाजारात ‘अँटिक’ आणि ‘व्हिंटेज’ हे शब्द सरसकट वापरले जातात. भारतीय कायदा मात्र याबाबत स्पष्ट आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार किमान १०० वर्षे जुनी असलेली कलाकृती, नाणे, शिल्प, शिलालेख किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ‘पुरावशेष’ ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. त्याहून अलीकडच्या, पण एखाद्या सरलेल्या काळाची ओळख सांगणाऱ्या वस्तूंना व्यवहारात ‘व्हिंटेज’ म्हणतात.

दोन्हींतला फरक बंगळुरूच्याच उदाहरणाने समजून घ्या. १९५३ मध्ये या शहरात हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने १९६१ पासून मनगटी घड्याळे बनवली. ‘जनता’ हे चावी देण्याचे घड्याळ त्या काळी लग्नात जावयाला आणि निवृत्तीच्या वेळी कर्मचाऱ्याला दिले जाई. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. उत्पादन थांबल्यावर आजोबांच्या कपाटातली हीच घड्याळे लोक शोधू लागले. कायद्याने ती पुरावशेष नाहीत, पण स्वतंत्र भारताच्या औद्योगिक इतिहासाची ती साधने नक्कीच आहेत.

इथे एक धोकाही आहे. मागणी वाढली की जुन्या घड्याळाची तबकडी नव्याने रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे सुटे भाग एकत्र जोडून ते ‘मूळ’ म्हणून विकले जाते. घड्याळ चालते, चमकतेही. पण पुरावा म्हणून ते निकामी होते.

२. श्रीरंगपट्टण, ४ मे १७९९

आता पुन्हा सिंहासनाकडे वळू. बंगळुरूहून म्हैसूरच्या वाटेवर, सुमारे १२० किलोमीटरवर श्रीरंगपट्टण आहे. ४ मे १७९९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने हा किल्ला जिंकला. टिपू लढाईत मारला गेला. त्या रात्री सैनिकांनी शहर लुटले. दुसऱ्या दिवशी आर्थर वेलस्ली यांनी काही जणांना फाशी देऊन ही लूट थांबवली.

पण लुटीचा दुसरा, अधिकृत प्रकार त्यानंतर सुरू झाला. जिंकलेल्या मालमत्तेची मोजदाद करून ती हुद्द्यानुसार सैन्यात वाटण्यासाठी एक समिती होती. या वाटपाला ‘बक्षीस’ म्हटले जाई. इंग्रजीतला ‘लूट’ हा शब्द भारतीय भाषांतून गेलेला आहे, हेही ध्यानात ठेवा. एकच कृती शिपायाने केली तर गुन्हा आणि समितीने केली तर नियम, असा हा प्रकार होता.

टिपूचे सिंहासन अष्टकोनी होते आणि सोन्याच्या पत्र्याने मढवलेले होते. कठड्यावर रत्नजडित वाघांची आठ छोटी मस्तके, पुढे वाघाचे मोठे मस्तक आणि छत्रावर हुमा पक्षी अशी त्याची रचना होती. संपूर्ण सिंहासन एकाच्या वाट्याला देता येईना, म्हणून त्याचे तुकडे करण्यात आले. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली यांना ते अखंड हवे होते, पण तोवर उशीर झाला होता. मोठे वाघमस्तक आणि हुमा पक्षी आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहेत. छोट्या मस्तकांपैकी एक वेल्समधील पॉविस कॅसलमध्ये आहे. इंग्रज शिपायावर झेप घेणारा टिपूचा प्रसिद्ध लाकडी वाघ १८०८ पासून लंडनमधील कंपनीच्या कचेरीत लोकांना दाखवला जाऊ लागला. आज तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. टिपूच्या ग्रंथसंग्रहाची सूची चार्ल्स स्ट्युअर्ट यांनी १८०९ मध्ये प्रसिद्ध केली.

या दोन गोष्टींची तुलना करा. ग्रंथसंग्रह परक्यांच्या हाती गेला, पण त्याची सूची झाल्यामुळे टिपूच्या ग्रंथालयात काय होते हे आज आपल्याला अभ्यासता येते. सिंहासनाचे तुकडे मात्र वेगवेगळ्या घराण्यांत पांगले. त्यांपैकी एका वाघमस्तकावर २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारने तात्पुरती निर्यातबंदी घातली. त्याची किंमत १५ लाख पौंड सांगण्यात आली आणि एखाद्या ब्रिटिश संस्थेने ते विकत घेऊन देशातच ठेवावे, असा बंदीमागचा हेतू होता. श्रीरंगपट्टणची वस्तू आता ब्रिटनचा वारसा म्हणून राखली जात होती!

३. बंगळुरूच्या उद्योगपतीची खरेदी

एप्रिल २००४ मध्ये बंगळुरूचे उद्योगपती विजय मल्ल्या यांनी जाहीर केले की, आधीच्या वर्षी लंडनमधील लिलावात टिपूची तलवार आपण विकत घेतली आहे. किंमत सुमारे दीड कोटी रुपये सांगितली गेली. दोनशे वर्षांनंतर तलवार कर्नाटकाच्या माणसाकडे आली, याचे अनेकांनी स्वागत केले.

पाच वर्षांनी, ५ मार्च २००९ रोजी, न्यूयॉर्कमध्ये महात्मा गांधींचा चष्मा, चपला, झेनिथ कंपनीचे खिशातले घड्याळ आणि ताट-वाटी लिलावात आली. दिल्ली उच्च न्यायालयाने या विक्रीला मनाई केली होती. पण भारतीय न्यायालयाचा आदेश न्यूयॉर्कमधल्या लिलावाला थांबवू शकला नाही. मल्ल्या यांच्या वतीने या वस्तू १८ लाख डॉलरना घेतल्या गेल्या. ज्या माणसाने अपरिग्रहाचे व्रत घेतले, त्याच्या चपलांची ही किंमत होती.

पुढे २०१८ मध्ये लंडनच्या न्यायालयात मल्ल्या यांच्या मालमत्तेचा विषय निघाला. तेव्हा त्यांच्या बाजूने सांगण्यात आले की, तलवार कुटुंबाला लाभत नसल्याने २०१६ मध्येच ती देऊन टाकली. खाजगी मालकीची ही मर्यादा नीट समजून घ्या. संग्राहकाने वस्तू देशाच्या भावनेपोटी घेतली असली, तरी कायद्याने ती त्याची मालमत्ता असते. ती तो लोकांना दाखवू शकतो, कपाटात ठेवू शकतो किंवा कुणाला देऊनही टाकू शकतो. वस्तू मायदेशी ‘परत येणे’ आणि ती ‘लोकांची होणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. कायदा काय करू शकतो?

ब्रिटिश काळातील १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक झाले. १९७२ चा अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. त्यानुसार खाजगी व्यक्तीला पुरावशेष परदेशी पाठवता येत नाहीत, व्यापाऱ्याला परवाना घ्यावा लागतो आणि अधिसूचित प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते. घरी पुरावशेष बाळगणे मात्र गुन्हा नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर युनेस्कोचा १९७० चा करार सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराला आळा घालतो; भारताने १९७७ मध्ये तो मान्य केला.

हे कायदे आणि करार मागील काळाला लागू होत नाहीत. १७९९ मध्ये गेलेली वस्तू त्यांच्या आधारे परत मागता येत नाही. म्हणूनच अनेकदा आपलीच वस्तू लिलावात बोली लावून घ्यावी लागते. महाराष्ट्राचे ताजे उदाहरण पाहा. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात आली. राज्य शासनाने ती ४७.१५ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. तिचे पाते युरोपीय बनावटीचे, म्हणजे ‘फिरंग’ आहे आणि त्यावर देवनागरीत रघुजींचे नाव सोन्याने कोरलेले आहे. त्या एका ओळीमुळे तलवारीची ओळख टिकली. नाव नसते, तर ती अठराव्या शतकातील अनेक तलवारींपैकी एक ठरली असती.

५. पुण्याचे उदाहरण : दिनकर केळकर

संग्राहक श्रीमंतच असावा लागतो, असे नाही. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. देशभर हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दरवाजे, वाद्ये आणि स्वयंपाकाची भांडी गोळा केली. राजांच्या वस्तू शोधणारे पुष्कळ होते. केळकरांनी घराघरांतल्या वस्तू शोधल्या. बालपणीच वारलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र शासनाकडे सोपवले. सुमारे २०,००० वस्तूंचा हा संग्रह पुण्यात कुणालाही पाहता येतो.

अडकित्त्याला लिलावात टिपूच्या तलवारीची किंमत येणार नाही. पण शेकडो अडकित्ते एकत्र पाहिल्यावर धातुकाम, विड्याची पद्धत, पाहुणचार आणि स्त्री-पुरुषांचे घरगुती जीवन यांबद्दल जे कळते, ते एका तलवारीतून कळत नाही. केळकरांनी घरांतल्या वस्तूंना समाजाच्या इतिहासात जागा मिळवून दिली आणि ती जागा आपल्या पश्चातही टिकेल अशी सोय केली.

६. तुमच्या घरातली जुनी वस्तू

तुमच्याही घरात पितळी समई, मोडी लिपीतले कागद, आजोबांचे घड्याळ किंवा आजीचा पानाचा डबा असेल. तो विकण्याआधी किंवा घासून लख्ख करण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: वस्तू घरात कोणी व कधी आणली, कुठून आणली, ती कशासाठी वापरली जाई, आणि हे तुम्हाला कोणी सांगितले. छायाचित्र काढा, वस्तूवरचे नाव किंवा खूण टिपून घ्या. चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सांगणारी माणसे वस्तूंच्या आधी जातात.

सारांश

जुन्या वस्तूचे मोल केवळ धातूत, रत्नात किंवा वयात नसते. ती कोणाकडून कोणाकडे गेली, या मालकीच्या साखळीत ते असते. श्रीरंगपट्टणला सिंहासन तुटले, तेव्हा सोने टिकले पण रचना नाहीशी झाली. वस्तू परत आणणे ही पहिली पायरी आहे. तिची नोंद ठेवणे आणि ती लोकांना पाहता येणे या पुढच्या दोन पायऱ्या झाल्याशिवाय संग्रहातून इतिहास घडत नाही.

स्वाध्याय

१. ‘बक्षीस’ आणि ‘लूट’ या शब्दांमागील दृष्टिकोनांतील फरक श्रीरंगपट्टणच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. परदेशातील लिलावात सार्वजनिक पैशाने ऐतिहासिक वस्तू विकत घ्याव्यात का? दोन्ही बाजू मांडा.
३. घरातील एका जुन्या वस्तूची मालकीसाखळी मोठ्यांना विचारून दोनशे शब्दांत लिहा.