टपाल तिकिटावरचे मालवाहू जहाज : ‘जलउषा’

सन १९६५ मध्ये मुंबईहून सांगली जिल्ह्यातील शिराळ्याला साधे पाकीट धाडायचे असेल, तर त्यावर पंधरा पैशांचे तिकीट लावावे लागे. त्या वर्षी ५ एप्रिल रोजी राष्ट्रीय सागरी दिनानिमित्त टपाल खात्याने याच किमतीचे एक तिकीट काढले. त्यावर ना राजा होता, ना नेता. होते एक मालवाहू जहाज, ‘जलउषा’. समुद्र कधीही न पाहिलेल्या डोंगरी गावांतही पत्रांबरोबर हे जहाज पोहोचू शकत होते.

या तिकिटामागे जवळजवळ अर्ध्या शतकाच्या झगड्याचा इतिहास आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी १९१९ च्या मार्चमध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. कंपनीचे पहिले जहाज ‘लॉयल्टी’ ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतलेले होते आणि त्यांचेच नाव कंपनीला मिळाले. शिंदे घराण्याचे मूळ गाव कण्हेरखेड हे सातारा जिल्ह्यातील. त्यामुळे समुद्राशी सुतराम संबंध नसलेल्या घाटावरच्या एका गावाचे आडनाव पुढे जहाजांच्या जगात रूढ झाले. ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. त्याच घटनेच्या स्मरणार्थ १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो.

‘लॉयल्टी’ मुळात १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेली प्रवासी बोट होती. पहिल्या महायुद्धात तिचे इस्पितळ-जहाज झाले आणि १९२३ मध्ये ती भंगारात निघाली. कंपनीची खरी कसोटी मात्र किनाऱ्यावरच्या व्यापारात लागली. भारत आणि ब्रह्मदेश यांच्या किनाऱ्यावरील वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती. नवा प्रतिस्पर्धी उतरताच त्यांनी भाडी पाडली. याच डावाने १९०६ मध्ये सुरू झालेली चिदंबरम पिल्लै यांची स्वदेशी कंपनी बुडाली होती. सिंदिया तगली, पण १९२३ मध्ये तिला दहा वर्षांचा करार मान्य करावा लागला. पंचाहत्तर हजार टनांहून अधिक जहाजे ठेवायची नाहीत आणि परदेशी मार्गांवर उतरायचे नाही, अशा त्याच्या अटी होत्या.

जहाजे चालवायची तर ती आपल्याकडेच बांधली पाहिजेत, हा धडा यातून मिळाला. विशाखापट्टणम येथे २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले आणि काम विस्कळीत झाले. अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तेथे बांधलेल्या पहिल्या जहाजाचे जलावतरण झाले. तेच ‘जलउषा’. सागरी दिन ‘लॉयल्टी’चा असूनही तिकिटावर ‘जलउषा’ का, याचे उत्तर बहुधा येथेच सापडते. पहिले जहाज विकत घेतलेले होते, दुसरे घडवलेले.

‘जलउषा’ची भारवहनक्षमता आठ हजार टनांची होती. माल, इंधन, पाणी, शिधा आणि माणसे मिळून जहाज जितके वजन वाहू शकते, त्याला ही संज्ञा आहे. त्या काळच्या अशा जहाजाच्या पोटात मोठाली कोठारे असत. डेकवरच्या तोंडांवरील फळ्या व ताडपत्री दूर केली की डेरिक आणि विंच यांच्या साहाय्याने जाळ्यांतून माल वर-खाली होई. इंजिनावर आगवाले राबत, तर डेकवरचे खलाशी सारंग आणि टंडेल यांच्या हुकमतीत असत. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवरील या मंडळींत रत्नागिरी परिसरातील कोकणी माणसांचा मोठा भरणा होता.

पण जहाजाचे निम्मे आयुष्य समुद्रावर नव्हे, धक्क्यावर जाई. सात हजार टन धान्य क्विंटलाच्या पोत्यांत भरले, तर सत्तर हजार पोती होतात. कंटेनर येण्यापूर्वी यातील प्रत्येक पोत्याला माणसाचा हात लागे. धक्क्यावरून गोदामात आणि गोदामातून गाडीत जाताना ते कोणाच्या तरी पाठीवरच असे. येथेच शिराळ्याचा संबंध येतो. शिराळा, पाटण, जावळी या डोंगरी तालुक्यांतील जिरायती शेती कुटुंबाला पुरत नसे. घरटी एक-दोन माणसे मुंबई गाठत आणि गिरणीत, गोदीत किंवा मशीद बंदरच्या बाजारात कामाला लागत. गाळ्यात दाटीवाटीने राहून ती गावी मनीऑर्डर पाठवीत.

त्यांच्या कामाला संरक्षण उशिरा मिळाले. ‘जलउषा’ पाण्यात उतरली त्याच वर्षी, १९४८ मध्ये, गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला. बाजारपेठेतील हमालांना मात्र १९६९ पर्यंत थांबावे लागले. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर माथाडी कायदा अस्तित्वात आला आणि पाठीवरच्या ओझ्याला मजुरीबरोबर भविष्य निर्वाह निधीचीही जोड मिळाली.

जहाजाचा कारखाना १९५२ मध्ये सरकारच्या सहभागाने ‘हिंदुस्थान शिपयार्ड’ झाला आणि २०१० मध्ये तो संरक्षण मंत्रालयाकडे गेला. किनारी वाहतूक पन्नासच्या दशकाच्या आरंभी भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्यात आली. सिंदिया कंपनीला मात्र ऐंशीच्या दशकात उतरती कळा लागली आणि तिची जहाजे एकेक करून गेली. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील सिंदिया हाउस आणि विशाखापट्टणमच्या कारखान्यालगतचा परिसर ही नावे तेवढी मागे राहिली. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. कंटेनरने पोत्यांचे आणि पाठींचेही गणित बदलले.

या तिकिटावर जहाज आहे, ते घडवणाऱ्या देशाचे नाव आहे. त्यातला माल वाहणारी माणसे तिकिटावर नाहीत. पण ज्या पाकिटांवर ते चिकटवले गेले, त्यांतली कित्येक पत्रे त्यांनीच घरी लिहिलेली, किंवा कोणाकडून तरी लिहून घेतलेली असणार.